इस्रायल आणि अरब: शांततेच्या प्रयत्नांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर वाचक वर्षभर विचारत असतात, आणि तिकडे पुन्हा भडका उडाला की प्रश्नांचा ओघ वाढतो. विचारणाऱ्यांत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं असतात, इस्रायलमध्ये नातलग असलेली रायगड-ठाण्याची कुटुंबं असतात आणि आखातात नोकरी करणारी मंडळीही. युद्धांची माहिती कुठेही मिळते, म्हणून इथे भर समेटाच्या प्रयत्नांवर आहे. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे लागला, तर तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. भांडण नेमकं कुणाचं? इस्रायल आणि अरबांचं, की इस्रायल आणि पॅलेस्टिनींचं?

दोन्ही आहेत, आणि ती वेगळी ओळखता आली तर पुढचं बरंच सोपं होतं. एक भांडण राष्ट्रा-राष्ट्रांमधलं आहे: इजिप्त, जॉर्डन, सीरिया आणि लेबनॉन यांची इस्रायलशी हद्द लागते, त्यांच्याशी युद्धं झाली, काहींशी तह झाले. दुसरं भांडण एकाच भूमीवर हक्क सांगणाऱ्या दोन समाजांचं आहे. पहिल्यात सैन्य मागे घेता येतं. दुसऱ्यात घरं, शेतं, कबरी आणि प्रार्थनास्थळं एकमेकांना लागून आहेत. आजवर जी शांतता टिकली ती बहुतेक पहिल्या प्रकारच्या भांडणातली आहे.

इस्रायलच्या नागरिकांतही साधारण पाचवा हिस्सा अरबांचा आहे. ते मतदान करतात, संसदेत निवडून जातात. त्यामुळे ‘इस्रायली विरुद्ध अरब’ ही मांडणी त्या देशाच्या आतच लागू पडत नाही.

२. हे शेवटी ज्यू आणि मुसलमानांचं धर्मयुद्धच आहे ना?

नाही. पॅलेस्टिनींमध्ये ख्रिस्ती आहेत, त्यांच्या राष्ट्रीय चळवळीच्या नेतृत्वातही ख्रिस्ती होते. ज्यूंसाठी स्वतंत्र राष्ट्र मागणाऱ्या झायोनिस्ट चळवळीचे सुरुवातीचे कित्येक नेते धर्म फारसा न पाळणारे होते. वाद जमिनीचा, राज्याचा आणि परतण्याच्या हक्काचा आहे. जेरुसलेममुळे त्याला धर्माची धार येते आणि दोन्हीकडचे कट्टर गट ती धार मुद्दाम वाढवतात, हे मात्र खरं.

३. युद्धविराम, शस्त्रसंधी आणि शांतता करार यांत फरक काय?

युद्धविराम म्हणजे गोळीबार थांबवणं. शस्त्रसंधी त्याच्या पुढची पायरी: सैन्य कुठवर राहील याची रेषा आणि अटी लिहून ठरतात, पण युद्ध कायद्याने संपत नाही. शांतता करारात एकमेकांना मान्यता, कायमची सीमा आणि राजदूत येतात.

इस्रायलच्या स्थापनेवेळच्या १९४८-४९ च्या युद्धानंतर फक्त शस्त्रसंधी झाली. संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ काउंट फोल्के बर्नाडोट यांची १७ सप्टेंबर १९४८ रोजी जेरुसलेममध्ये ज्यू अतिरेक्यांनी हत्या केली. त्यांच्या जागी आलेल्या राल्फ बंच यांनी ऱ्होड्स बेटावर वाटाघाटी चालवल्या. १९४९ मध्ये इजिप्त, लेबनॉन, जॉर्डन आणि सीरिया यांच्याशी एकामागून एक शस्त्रसंधी झाली आणि बंच यांना १९५० चं शांततेचं नोबेल मिळालं. त्या चारपैकी दोनच देशांशी पुढे पूर्ण शांतता करार झाला.

४. सतत ऐकू येणारी ‘१९६७ ची सीमा’ म्हणजे कुठली?

प्रश्न ३ मधली १९४९ ची शस्त्रसंधी रेषा, म्हणजेच ‘हरित रेषा’. जून १९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धाआधी इस्रायल त्या रेषेच्या आत होता. युद्धात त्याने इजिप्तकडून सिनाई आणि गाझा, जॉर्डनकडून वेस्ट बँक आणि पूर्व जेरुसलेम, आणि सीरियाकडून गोलान टेकड्या घेतल्या. नोव्हेंबर १९६७ च्या ठराव क्र. २४२ मध्ये सुरक्षा परिषदेने सूत्र दिलं: व्यापलेल्या भूमीतून माघार आणि त्या बदल्यात सर्व राष्ट्रांना सुरक्षित, मान्य सीमांमध्ये जगण्याचा हक्क. ‘जमिनीच्या बदल्यात शांतता’ म्हणतात ते हेच. नंतरच्या जवळपास प्रत्येक वाटाघाटीत त्याचा आधार घेतला गेला. त्या ठरावात पॅलेस्टिनींचं नावही नाही, फक्त ‘निर्वासितांचा प्रश्न’ एवढाच उल्लेख आहे.

५. इजिप्तने तह का केला, आणि तो आजपर्यंत कसा टिकला?

१९७३ च्या ऑक्टोबर युद्धाने दोन्ही बाजूंना एकेक गोष्ट शिकवली. इजिप्तला कळलं की सिनाई लढून परत मिळणार नाही. इस्रायलला कळलं की सिनाई हातात असली म्हणून सुरक्षितता मिळतेच असं नाही. १९ नोव्हेंबर १९७७ रोजी इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष अन्वर सादात थेट इस्रायलला गेले आणि दुसऱ्या दिवशी इस्रायलच्या संसदेत बोलले. त्याआधी कुठल्याही अरब राष्ट्रप्रमुखाने असं जाहीरपणे केलं नव्हतं.

सप्टेंबर १९७८ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सादात आणि इस्रायलचे पंतप्रधान मेनाखेम बेगिन यांना कॅम्प डेव्हिड या आपल्या विश्रामस्थळी तेरा दिवस ठेवून घेतलं. दोघांना समोरासमोर बसवलं की भांडणच होई, म्हणून कार्टर मसुदा घेऊन या कुटीतून त्या कुटीत फिरत राहिले. शेवटच्या दिवशी जेरुसलेमवरच्या एका पत्रावरून बोलणी मोडायला आली. बेगिन यांनी नातवंडांसाठी तिघांच्या फोटोंवर सही मागितली होती. कार्टर यांनी प्रत्येक फोटोवर त्या त्या नातवंडाचं नाव लिहिलं आणि ते स्वतः बेगिन यांच्या हातात नेऊन दिले. बेगिन एकेक नाव मोठ्याने वाचू लागले आणि त्यांचा आवाज भरून आला. त्यानंतर पत्राचा मजकूर सौम्य करून मार्ग निघाला.

तरी तह टिकला तो भावनेवर नव्हे. २६ मार्च १९७९ च्या करारात सगळं मोजून लिहिलेलं होतं: माघारीचे टप्पे, तारखा, सिनाईच्या कुठल्या पट्ट्यात कुणाचं किती सैन्य राहील. इस्रायलने २५ एप्रिल १९८२ पर्यंत सिनाई रिकामी केली, हवाई तळ सोडले, तेलक्षेत्रं परत केली, यामित ही तिथे वसवलेली इस्रायली वसाहत पाडली. सिनाईत बहुराष्ट्रीय निरीक्षक दल आजही आहे. इजिप्तने किंमत मोजली: अरब लीगने त्याला दहा वर्षं बाहेर ठेवलं, आणि ६ ऑक्टोबर १९८१ रोजी लष्करी संचलनात सादातांचा खून झाला. करार त्यांच्यानंतरही उभा राहिला.

कॅम्प डेव्हिडला दस्तऐवज दोन झाले होते. दुसरा वेस्ट बँक आणि गाझाच्या स्वायत्ततेचा होता. त्यात ना नकाशा होता ना ठाम तारखा, आणि तो कागदावरच राहिला. मला वाटतं, या सगळ्या इतिहासाची किल्ली या दोन कागदांमधल्या फरकात आहे.

६. एक चौरस किलोमीटर जागेसाठी इस्रायल आणि इजिप्त सात वर्षं भांडले, हे खरं का?

खरं, आणि अभ्यास करण्यासारखं. अकाबाच्या आखातावरचा ताबा नावाचा समुद्रकिनारा सिनाईसोबत परत मिळाला नाही. १९०६ मध्ये ऑटोमन सत्ता आणि ब्रिटिशांच्या ताब्यातला इजिप्त यांच्यात आखलेल्या सीमेचा शेवटचा खांब नेमका कुठे होता, यावर वाद होता. इस्रायलने दाखवलेली जागा धरली तर तिथलं नवं हॉटेल त्याच्याकडे राहत होतं, इजिप्तने दाखवलेली धरली तर जात होतं. १९८६ मध्ये दोघांनी लवाद मान्य केला. पाच लवादांसमोर जुने नकाशे, छायाचित्रं आणि सर्वेक्षणाच्या नोंदी मांडल्या गेल्या. सप्टेंबर १९८८ मध्ये वादग्रस्त खांबाचा निकाल चार विरुद्ध एक असा इजिप्तच्या बाजूने लागला आणि मार्च १९८९ मध्ये इस्रायलने तो किनारा सोडला. सगळा वाद कागदपत्रांवर चालला, गोळी कुणी झाडली नाही.

७. जॉर्डनशी झालेल्या तहात पाण्याची अट होती म्हणतात. ती काय?

२६ ऑक्टोबर १९९४ च्या करारात एक कलम आणि एक पूर्ण परिशिष्ट पाण्यावर आहे. यार्मुक नदीचं हिवाळ्यातलं दोन कोटी घनमीटर जादा पाणी इस्रायलने घ्यायचं आणि तेवढंच उन्हाळ्यात जॉर्डन नदीतून जॉर्डनला द्यायचं. जॉर्डनकडे साठवायला पुरेशी जागा नव्हती, इस्रायलकडे गॅलिली सरोवर होतं. उजनी किंवा जायकवाडीच्या पाणीवाटपावरून होणारी रस्सीखेच ज्यांनी पाहिली आहे, त्यांना अशा नोंदीचं मोल सांगायला नको.

सीमेवरच्या दोन शेतजमिनी जॉर्डनच्या मानल्या गेल्या, पण इस्रायली शेतकऱ्यांना पंचवीस वर्षं कसू दिल्या. मुदत संपल्यावर २०१९ मध्ये जॉर्डनने त्या परत घेतल्या. त्यांपैकीच नहराइमला मार्च १९९७ मध्ये एका जॉर्डनी सैनिकाने सहलीला आलेल्या सात इस्रायली शाळकरी मुलींना गोळ्या घालून मारलं. जॉर्डनचे राजे हुसेन काही दिवसांतच इस्रायलमध्ये गेले आणि त्या मुलींच्या घरी, जमिनीवर शोक पाळत बसलेल्या आईवडिलांपुढे गुडघे टेकून बसले. स्वतःच्या देशात त्यांच्यावर टीका झाली. त्यांचे आजोबा राजे अब्दुल्ला यांना इस्रायलशी बोलणी केल्याच्या रागातून १९५१ मध्ये अल-अक्सा मशिदीच्या दारात मारलं होतं, आणि तेव्हा किशोरवयातले हुसेन शेजारी उभे होते. हे माहीत असलेल्या माणसाचं ते पाऊल होतं.

८. ओस्लो करार इतका गाजला, मग फसला का?

१९९३ मध्ये नॉर्वेत गुपचूप बोलणी झाली. सप्टेंबरमध्ये पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेने इस्रायलचं अस्तित्व मान्य केलं, इस्रायलने त्या संघटनेला पॅलेस्टिनींची प्रतिनिधी मानलं, आणि १३ सप्टेंबरला व्हाइट हाउसच्या हिरवळीवर इस्रायलचे पंतप्रधान यित्झाक राबिन आणि त्या संघटनेचे नेते यासेर अराफत यांनी हात मिळवले.

करारात पाच वर्षांची हंगामी व्यवस्था होती. जेरुसलेम, निर्वासित, वसाहती, सीमा, सुरक्षा हे सगळे कळीचे मुद्दे ‘नंतर’वर ढकलले होते. पॅलेस्टिनी राष्ट्र होईल असं कुठेही लिहिलेलं नव्हतं, वसाहती थांबतील असंही नव्हतं. आधी विश्वास वाढेल, मग अवघड विषय सुटतील, अशी कल्पना होती. पण ती पाच वर्षं दोन्हीकडच्या विरोधकांना मोकळं रान ठरली. फेब्रुवारी १९९४ मध्ये हेब्रॉनला एका ज्यू वसाहतवाल्याने नमाज पढणाऱ्या २९ जणांना मारलं. हमास या सशस्त्र पॅलेस्टिनी संघटनेने बसमध्ये बॉम्बस्फोट सुरू केले. ४ नोव्हेंबर १९९५ रोजी शांतता सभेतून निघताना राबिन यांना एका इस्रायली तरुणानेच गोळ्या घातल्या.

१९९५ च्या दुसऱ्या करारात वेस्ट बँकेचे तीन प्रकारचे भाग पाडले गेले. सुमारे ६० टक्के भाग, ज्याला ‘सी’ म्हणतात, पूर्णपणे इस्रायलच्या हातात राहिला. ही विभागणी तात्पुरती होती आणि आजही तीच चालू आहे. १९९३ मध्ये पूर्व जेरुसलेम सोडून वेस्ट बँकेत इस्रायली वसाहतवाले सव्वा लाखाच्या आत होते, आता पाच लाखांच्या आसपास आहेत. वाटाघाटी ज्या जमिनीवर चालल्या होत्या, तीच रोज बदलत होती. पॅलेस्टिनींचा विश्वास तिथे उडाला, इस्रायलींचा बसच्या स्फोटांत उडाला. दोन्ही अनुभव खरे होते.

९. २००० मध्ये अराफतांना सगळं मिळत होतं, त्यांनीच नाही म्हटलं ना?

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न. जुलै २००० मध्ये कॅम्प डेव्हिडला पंतप्रधान एहुद बराक आधीच्या कुठल्याही इस्रायली नेत्यापेक्षा पुढे गेले, यात शंका नाही. पण त्यांचे प्रस्ताव लेखी नव्हते, बरेचसे अमेरिकनांच्या तोंडून आले, आणि जेरुसलेममधल्या हरम अल-शरीफवर, म्हणजेच ज्यूंच्या टेम्पल माउंटवर, सार्वभौमत्व कुणाचं यावर गाडी अडली. अराफतांनी नकार दिला आणि स्वतःचा प्रतिप्रस्तावही ठेवला नाही. ती त्यांची मोठी चूक होती असं माझं मत आहे.

गोष्ट तिथे संपत नाही, हे मात्र प्रश्नकर्ते सहसा विसरतात. डिसेंबर २००० मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी आराखडा दिला: वेस्ट बँकेचा ९४ ते ९६ टक्के भाग पॅलेस्टिनींना, वर थोडी जमिनीची अदलाबदल, जेरुसलेमच्या अरब वस्त्या त्यांच्याकडे आणि ज्यू वस्त्या इस्रायलकडे. दोघांनी हरकतींसह होकार दिला. जानेवारी २००१ मध्ये ताबा इथे (तोच प्रश्न ६ मधला किनारा) बोलणी झाली. पण तोवर दुसरा इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनींचा उठाव, पेटला होता, क्लिंटन पायउतार झाले होते आणि बराक निवडणूक हरण्याच्या बेतात होते. वेळ संपली होती.

१०. निर्वासितांचं काय? आणि अरब देशांतून हुसकलेल्या ज्यूंबद्दल कुणी का बोलत नाही?

१९४८ मध्ये सुमारे सात लाख पॅलेस्टिनींची घरं सुटली. काहींना हाकललं, काही जीव वाचवायला पळाले, परत जवळपास कुणालाच येऊ दिलं नाही. डिसेंबर १९४८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या महासभेच्या ठराव क्र. १९४ मध्ये शांततेने राहू इच्छिणाऱ्यांना परतू द्यावं आणि इतरांना भरपाई द्यावी असं म्हटलं आहे. आज संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेकडे वंशजांसह सुमारे ५९ लाख नोंदी आहेत. सगळे परतले तर ज्यू बहुसंख्या राहणार नाही, ही इस्रायलची भीती. हक्कच सोडला तर अन्यायावर शिक्कामोर्तब होईल, ही पॅलेस्टिनींची. क्लिंटन आराखड्यात तोडगा असा होता: परतायचं ते मुख्यतः नव्या पॅलेस्टिनी राष्ट्रात, बाकीच्यांना भरपाई किंवा अन्यत्र वसवणूक.

इराक, येमेन, इजिप्त, मोरोक्को अशा देशांतूनही पुढच्या दशकांत आठ लाखांच्या आसपास ज्यू बाहेर पडले. अनेकांची मालमत्ता जप्त झाली. त्यांच्या भरपाईचा विषय रास्त आहे. मात्र एका दुःखाची वजाबाकी दुसऱ्या दुःखातून करता येत नाही. बगदादच्या ज्यूचं घर याफाच्या पॅलेस्टिन्याने घेतलेलं नव्हतं.

११. सीरियाशी तह का झाला नाही?

अगदी जवळ येऊन हुकला. २००० मध्ये गोलानमधून माघारीवर बोलणी बरीच पुढे गेली होती. अडलं ते गॅलिली सरोवराच्या ईशान्य काठच्या अरुंद पट्टीवर. १९२३ ची ब्रिटिश-फ्रेंच सीमा काठापासून थोडी आत होती, पण ४ जून १९६७ ला सीरियन सैन्य पाण्यापाशी होतं. सीरियाचे राष्ट्राध्यक्ष हाफेज असद यांना पाण्यापर्यंत जायचं होतं, इस्रायलला सरोवर पूर्ण हवं होतं. मार्चमध्ये जिनिव्हात बोलणी फिसकटली, जूनमध्ये असद वारले.

तह नसतानाही १९७४ च्या सैन्यविलगीकरण करारामुळे ती सीमा कित्येक दशकं बरीच शांत राहिली. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांचे पुत्र बशर असद यांची राजवट कोसळल्यावर इस्रायली सैन्य मधल्या निर्लष्करी पट्ट्यात शिरलं.

१२. लेबनॉन आणि इस्रायल एकमेकांना मानतच नाहीत, मग २०२२ मध्ये करार कसा झाला?

समुद्रातल्या वायूसाठी झाला. अमेरिकेच्या मध्यस्थीने सागरी हद्द ठरली: कारिश वायुक्षेत्र इस्रायलला, काना लेबनॉनला, आणि कानाचा जो भाग रेषेपलीकडे जातो त्याचा मोबदला इस्रायलला कंपनीमार्फत. दोघांनी एका कागदावर सही केली नाही, अमेरिकेला वेगवेगळी पत्रं दिली. नंतर लेबनॉनमधल्या हिज्बुल्ला या सशस्त्र संघटनेशी मोठं युद्ध झालं, पण सागरी हद्दीचा हा करार कुणी रद्द केला नाही.

१३. अब्राहम करारांनी प्रश्न सुटला नाही का?

संयुक्त अरब अमिराती आणि बहारीन यांनी सप्टेंबर २०२० मध्ये इस्रायलशी हे करार केले, मग मोरोक्को आणि सुदान आले. विमानं, व्यापार, पर्यटन सुरू झालं, ते चांगलंच झालं. पण यांतल्या कुणाचीही हद्द इस्रायलला लागत नाही. प्रश्न १ मधलं दुसरं भांडण या करारांनी बाजूला ठेवलं.

अरब लीगने मार्च २००२ मध्ये बैरूतला याच्या उलट क्रमाचा प्रस्ताव दिला होता: १९६७ च्या रेषेपर्यंत माघार, पॅलेस्टिनी राष्ट्र आणि निर्वासितांवर सहमतीचा तोडगा द्या, सर्व अरब देश तुमच्याशी संबंध जोडतील. त्याच परिषदेच्या वेळी इस्रायलच्या नेतान्या शहरात ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या जेवणावर हमासने स्फोट केला, ३० माणसं गेली. इस्रायलमध्ये त्या प्रस्तावाकडे लक्ष द्यायला कुणी उरलं नाही. मला ही या साऱ्या इतिहासातली सर्वांत हळहळ लावणारी तारीख वाटते.

१४. ७ ऑक्टोबर २०२३ नंतर शांततेबद्दल बोलण्यात काही अर्थ उरला आहे का?

त्या दिवशी हमासच्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसं मारली गेली, २५१ जणांना ओलीस नेलं. त्यानंतरच्या दोन वर्षांत गाझात ६७ हजारांहून अधिक पॅलेस्टिनी मारले गेल्याची तिथल्या आरोग्य मंत्रालयाची नोंद आहे. वस्त्याच्या वस्त्या जमीनदोस्त झाल्या, लोकांची उपासमार झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये युद्धविराम झाला, जिवंत ओलीस सुटले, आणि नोव्हेंबरमध्ये सुरक्षा परिषदेने ठराव क्र. २८०३ ने गाझासाठी आंतरराष्ट्रीय दलाला मान्यता दिली. प्रश्न ३ च्या भाषेत हा युद्धविराम आहे, त्याहून अधिक काही नाही.

मारल्या गेलेल्यांत बेएरी किबुत्झच्या विव्हियन सिल्व्हर होत्या. गाझाच्या आजारी माणसांना इस्रायली रुग्णालयांत पोचवण्याच्या कामात त्या वर्षानुवर्षं होत्या, ‘विमेन वेज पीस’ या संघटनेच्या संस्थापकांपैकी होत्या. त्यांच्या मुलाने आईचं काम पुढे चालवायचं ठरवलं. संघर्षात आपलं माणूस गमावलेल्या इस्रायली आणि पॅलेस्टिनी कुटुंबांचा ‘पेरेंट्स सर्कल’ हा मंच १९९५ पासून आहे आणि युद्धातही तो मोडला नाही. आपलं माणूस गेलेले हे लोक बोलत असतील, तर अर्थ उरला आहे की नाही हे दुरून ठरवण्याचा अधिकार मला आपला वाटत नाही.

१५. भारताची भूमिका काय? आणि महाराष्ट्राचा काही संबंध आहे का?

१९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अकरा देशांच्या समितीत भारत होता. बहुमताने फाळणी सुचवली, तर भारत, इराण आणि युगोस्लाव्हियाने दोन समाजांचं एक संघराज्य सुचवलं. महासभेत भारताने फाळणीविरुद्ध मत दिलं. १९५० मध्ये इस्रायलला मान्यता, १९८८ मध्ये पॅलेस्टाईनला मान्यता, जानेवारी १९९२ मध्ये इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध, असा पुढचा क्रम. १९५६ नंतर गाझा-सिनाईतल्या शांतिसेनेत भारतीय तुकड्या होत्या, दोन भारतीय सेनाधिकारी तिचे प्रमुख झाले, आणि जून १९६७ च्या युद्धात त्यांतले भारतीय जवान मारलेही गेले.

महाराष्ट्राचा दुवा बेने इस्रायलींचा, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचा. अलिबाग-पेणकडची ही ‘शनिवार तेली’, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, म्हणून ओळखली जाणारी मंडळी १९४८ नंतर मोठ्या संख्येने तिकडे गेली आणि दिमोना, बेरशेबा, अश्दोद, लोद इथे वसली. तिथे आजही मराठी ऐकू येतं. अश्दोद आणि बेरशेबा गाझाच्या रॉकेटांच्या टप्प्यात, लोद ज्यू-अरब मिश्र वस्तीचं. ‘आमच्या मावशीच्या गावी सायरन वाजला’ असं लिहिणाऱ्या वाचकांना हा प्रश्न परराष्ट्र धोरणाचा वाटत नाही.

१६. इतक्या वसाहती झाल्यावर दोन राष्ट्रांचा नकाशा काढता तरी येईल का?

काढता येतो, एकदा काढलाही गेला आहे. सप्टेंबर २००८ मध्ये पंतप्रधान एहुद ओल्मर्ट यांनी पॅलेस्टिनी अध्यक्ष महमूद अब्बास यांना नकाशा दाखवला. वेस्ट बँकेचा साधारण सहा टक्के भाग इस्रायलकडे, जवळपास तेवढीच जमीन बदल्यात, गाझा आणि वेस्ट बँक जोडणारा रस्ता. नकाशाची प्रत हातात द्यायला ओल्मर्ट तयार नव्हते, म्हणून अब्बासांनी तो आठवणीने कागदावर रेखाटून घेतला. पण ओल्मर्ट भ्रष्टाचाराच्या आरोपांमुळे तेव्हा पायउतार होत होते, आणि पुढची भेट झालीच नाही.

हे शक्य होतं कारण बहुसंख्य वसाहतवाले हरित रेषेजवळच्या मोठ्या वसाहतींत राहतात. अडचण आत खोलवर, टेकड्यांवर विखुरलेल्या वस्त्यांची आहे. गेल्या काही वर्षांत वाढ तिथेही जोरात आहे आणि तिथल्या पॅलेस्टिनी गावांवर हल्ले होत आहेत. सिनाईतून काही हजार लोक हलवायचे होते, २००५ मध्ये गाझातून आठ हजारांच्या आसपास. वेस्ट बँकेत हा आकडा लाखांत जाऊ शकतो. एकच राज्य किंवा संघराज्य हा पर्याय पुन्हा बोलला जातो, पण दोन्ही समाजांत त्याला आज बहुमत नाही. एकाच राज्यात समान मताधिकार मिळाला तर इस्रायलचं ज्यू राष्ट्र हे स्वरूप राहणार नाही, आणि तो नाकारला तर ती एका समाजाची दुसऱ्यावरची कायमची सत्ता होईल. म्हणून मला अजूनही अदलाबदलीसह दोन राष्ट्रं हाच सर्वांत कमी माणसांना घरातून उठवणारा मार्ग दिसतो. त्याची पहिली अट म्हणजे ‘सी’ भागातलं वसाहतींचं बांधकाम थांबवणं, आणि ते थांबवण्याचा अधिकार आज फक्त इस्रायलच्या सरकारकडे आहे.